आबालालना स्कोप काय होता?

आपल्या हॉस्टेलचा राष्ट्रीय प्रश्न कोणता? "मेसमध्ये आज भाजी कोणती?" हा दुसरा. पहिला म्हणजे, "यात स्कोप काय?" ब्रँच घेताना हा प्रश्न, इलेक्टिव्ह घेताना हा प्रश्न, कोणी सेकंडहँड गिटार आणली तरी हाच प्रश्न. या अंकासाठी मी एका निसर्गचित्रकारावर लिहितेय असं सांगितलं, तर आमच्या विंगमध्ये तीन वेगवेगळ्या मुलींनी तीन वेगवेगळ्या वेळी मला हेच विचारलं. म्हणून म्हटलं, चला, शीर्षकाचा प्रश्न तरी सुटला.

त्या चित्रकाराचं नाव आबालाल रहिमान. गाव कोल्हापूर. आणि त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटलं ते मात्र कोल्हापुरात नाही, तिथून पार दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीतल्या हेमलकशाला. हे दोन्ही एकमेकांना कुठे जुळतात ते पुढे येईलच, जरा धीर धरा.

आधी एक सांगते. मी चंद्रपूरची, आणि शिक्षण कॉन्व्हेंटचं. आमच्या शाळेच्या लायब्ररीत गुळगुळीत कागदाचं, जाडजूड असं मोनेचं पुस्तक होतं. त्यामुळे क्लोद मोने हा फ्रेंच चित्रकार, त्याची कमळं, त्याचा जपानी पूल हे मला सातवीपासून माहीत. आबालाल हे नाव मात्र मी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकलं. तेही रोबोटिक्सच्या स्पर्धेसाठी कोल्हापूरला गेलो होतो, आमचा रोबो पहिल्याच फेरीत गार झाला, आणि परतीच्या गाडीला चार तास होते म्हणून! टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये वेळ काढायला शिरलो आणि मी तिथे अडकले. मोठमोठ्या पोर्ट्रेट्सच्या गर्दीत लहानशी निसर्गचित्रं. झाडं, पाणी, घाट. जवळ गेलं की नुसते रंगाचे फटकारे, आणि चार पावलं मागे आलं की ऊन पडलेलं दिसतं. मला वाटलं, अरे, हे तर मोनेचंच काहीतरी! पाटी वाचली तर आबालाल रहिमान.

तर त्यांची थोडक्यात माहिती. जन्म १८६० च्या सुमाराचा. खरं नाव अब्दुल अजीज. घराण्यात कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करायचं काम चालायचं, म्हणजे सुंदर अक्षर आणि बारीक नक्षी ही घरातलीच विद्या. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. तेव्हा तिथे जॉन ग्रिफिथ्स होते, ज्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या तेच. १८८८ साली आबालालना व्हॉइसरॉयचं पदक मिळालं. आजच्या भाषेत बोलायचं तर युनिव्हर्सिटी टॉपर! मुंबईत राहिले असते तर साहेबांची आणि शेटजींची पोर्ट्रेट्स करून आरामात बंगला झाला असता. पोर्ट्रेटला तेव्हा खरोखरच स्कोप होता.

आणि हे गृहस्थ कोल्हापूरला परत आले. कोटितीर्थाच्या तळ्याकाठी राहू लागले, आणि जवळजवळ मरेपर्यंत (१९३१) तेच तळं, पंचगंगेचा घाट, रंकाळ्यातला संध्यामठ, रावणेश्वर हेच रंगवत बसले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारचा चित्रकार म्हणून आश्रय दिला. महाराजांना शिकारीचा शौक, त्यामुळे शिकारीला बरोबर जायचं आणि चित्रं काढायची असं एकंदर कामाचं स्वरूप. बाकी स्वभावाने फकीर. रंगसुद्धा बरेचदा घरीच तयार करायचे म्हणतात.

पुढची गोष्ट कोल्हापुरात सगळे सांगतात. १९२२ साली शाहू महाराज गेले, आणि त्या दुःखात आबालालनी आपली चित्रं पाण्यात सोडून दिली. कोटितीर्थात की पंचगंगेत, ते सांगणाऱ्यावर अवलंबून. आकडा मात्र सगळे ठोकून एकच सांगतात: वीस हजार!

इंजिनियरिंगच्या विद्यार्थिनीला असा आकडा सांगितला की ती काय करणार? कॅल्क्युलेटर काढणार. १८८८ ते १९२२ म्हणजे ३४ वर्षं. गुणिले ३६५, म्हणजे १२,४१० दिवस. वीस हजार भागिले ते, उत्तर १.६१. रोज दीडाहून जास्त चित्रं, एकही सुट्टी न घेता, ताप आला तरी, ईदलासुद्धा. पहिल्यांदा वाटलं, शुद्ध थाप. मग विचार केला, की जो माणूस उजेड रंगवतो त्याच्याकडे एका चित्राला वेळ तरी किती असतो? सकाळचं ऊन अर्ध्या तासात बदलतं. मग पोस्टकार्डाएवढ्या कागदावर भराभर उतरवायचं, आणि दुसरा कागद घ्यायचा. या हिशेबाने रोज दीड चित्र अशक्य नाही. वीस हजार ही दंतकथाच असेल, माझा काही हट्ट नाही. पण दंतकथा रचणाऱ्यांना आबालालची काम करायची पद्धत नीट माहीत होती एवढं नक्की.

आता हा "उजेड रंगवणं" प्रकार काय आहे? याला इम्प्रेशनिझम म्हणतात. मराठीत दृक्प्रत्ययवाद असा शब्द आहे. (तीनदा सलग म्हणून दाखवा, माझ्याकडून चहा!) १८७२ साली मोनेने बंदरातला सूर्योदय रंगवला, १८७४ ला पॅरिसमध्ये प्रदर्शनात लावला, आणि चित्राच्या नावात "इम्प्रेशन" हा शब्द होता म्हणून एका टीकाकाराने त्याचीच टिंगल करत या सगळ्या मंडळींना नाव ठेवलं. तेच चिकटलं. हॉस्टेलमध्ये टोपणनावं पडतात तसं अगदी.

पण यात आपल्या लोकांचाही हात आहे हे किती जणांना माहीत आहे? त्याआधी तेलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. पिशवी फुटायची, रंग वाळायचा, म्हणून चित्रकार स्टुडिओ सोडून फारसा बाहेर पडू शकत नव्हता. १८४१ साली जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने पिळायची धातूची ट्यूब पेटंट केली. टूथपेस्टची असते तशी. झालं! रंग खिशात मावू लागले आणि चित्रकार उठून नदीकाठी जाऊन बसले. वरून रेल्वे आली, सकाळी पॅरिसहून निघून दुपारी शेतात. मोनेने तर १८७७ साली रेल्वे स्टेशनच रंगवलं, इंजिनाच्या धुरासकट. तेव्हा कोणी "कला आणि टेक्नॉलॉजीचा काय संबंध?" म्हणालं तर त्याला टूथपेस्ट दाखवावी.

आबालाल काही युरोपला गेले नाहीत. मोनेचा शिष्य वगैरे भानगड नाही. एकाच तळ्याकडे रोज बघत राहिलं की माणूस आपोआप त्याच ठिकाणी पोचतो असं मला वाटतं. कारण तळं तेच राहतं, बदलतो तो उजेडच. मग दुसरं रंगवणार काय?

हे मला कळलं ते हेमलकशाला.

माझी रूममेट त्या भागातली आहे. सिव्हिलला आहे. (तिच्या परवानगीने लिहितेय, नाव घालू नको म्हणाली आहे.) घरी माडिया बोलतात, आणि तरी तिची मराठी माझ्यापेक्षा कितीतरी चांगली! या लेखाचे ऱ्हस्व-दीर्घ तिनेच तपासलेत. सेम संपल्यावर डिसेंबरमध्ये मी तिच्याबरोबर गेले. आलापल्लीपर्यंत सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक एकामागून एक, आणि रस्त्याकडेच्या सागाच्या पानांवर लाल धूळ बसलेली. पुढे साठेक किलोमीटर जंगल. साग, ऐन, मोह, बांबू. हेमलकसा, आणि तिथून जवळच भामरागड, जिथे पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्या इंद्रावतीला मिळतात.

सकाळी साडेसहाला आम्ही नदीवर होतो. पाण्यावर धुकं. मी मोबाईल काढला आणि धडाधड फोटो मारले, चाळीस तरी असतील. ही शांतपणे दगडावर बसली, जुन्या ड्रॉइंग शीटच्या मागच्या बाजूचे तुकडे काढले आणि तासाभरात लहान लहान तीन चित्रं केली. तीनही त्याच काठाची. पहिलं राखाडी, दुसरं गुलाबीकडे झुकणारं, तिसरं पिवळं.

"काय पाहून राहिली तू?" मी तिच्या खांद्यावरून वाकले तशी ती म्हणाली.

"तिन्ही वेगळी कशी गं?"

"नदी वेगळी होती ना. तुझे फोटो दाखव."

दाखवले. चाळीसच्या चाळीस जवळजवळ एकाच रंगाचे! मला आधी वाटलं मोबाईल हलका आहे. मग आठवलं, इमेज प्रोसेसिंगमध्ये आम्हाला शिकवलंय की! ऑटो व्हाइट बॅलन्स. कॅमेऱ्याला सांगितलेलं असतं की पांढरं ते पांढरं दिसलं पाहिजे, म्हणून उजेडात जी काही निळी, पिवळी, गुलाबी छटा असेल ती तो शोधतो आणि बऱ्यापैकी पुसून टाकतो. म्हणजे मोने आणि आबालाल आयुष्यभर जे रंगवत बसले तेच आपला मोबाईल एरर समजून काढून टाकतो. मला व्हायव्हाला हे विचारलं असतं तर मी व्याख्या घडाघडा म्हटली असती. त्या दिवशी अर्थ कळला.

आणखी एक. मी सारखी "किती सुंदर, किती शांत" करत होते. तिला ते आवडलं नाही. "तुम्ही सगळे येऊन असंच म्हणता. पावसाळ्यात ये, पूर पाहायला," म्हणाली. तिच्या चित्रांत धुकं आहे तशी ट्रकची लाल धूळही आहे, पुलावर थांबलेली एसटीही आहे. मला वाटतं निसर्गचित्र म्हटलं की दोन डोंगर, मधून सूर्य, एक नदी आणि एक झोपडी ही जी शाळेपासूनची सवय आपल्याला लागली आहे, ती सोडली पाहिजे. आबालालच्या कोटितीर्थाशेजारीसुद्धा १९०६ साली शाहू मिल उभी राहिली. तळं आणि भोंगा शेजारी शेजारी. निसर्गचित्रकार हा एका जागेचा साक्षीदार असतो, कॅलेंडरवाला नव्हे.

आता मुद्द्यावर येते. आबालालबद्दल बोलताना लोक हळहळतात: एवढं पदक मिळालं आणि गावात जाऊन बसला, वाया गेला बिचारा. माझ्या रूममेटलाही हेच ऐकावं लागतं. तिला पुण्याची आयटी कंपनी नको आहे, परीक्षा देऊन तिकडेच जिल्हा परिषदेत ज्युनिअर इंजिनियर व्हायचं आहे. "मग एवढं शिकून परत तिकडेच?" हे तिला आमच्याच वर्गातल्या मुलांनी विचारलेलं मी ऐकलंय.

यावर माझं म्हणणं असं, की मोनेचं काय? तो १८८३ साली जिव्हर्नी नावाच्या खेड्यात राहायला गेला आणि १९२६ ला मरेपर्यंत तिथेच राहिला. ४३ वर्षं! घराजवळ तळं खणलं आणि त्यातल्या कमळांची अडीचशेच्या आसपास चित्रं काढली. तो वाया गेला असं कोणी म्हणत नाही. चित्रं नष्ट करण्याच्या बाबतीत तोही मागे नव्हता बरं का, १९०८ साली प्रदर्शनाच्या तोंडावर त्याने आपली किमान पंधरा चित्रं फाडली होती. दोघं आपापल्या तळ्याकाठी बसलेले, दोघं उजेडाच्या मागे लागलेले, दोघं तऱ्हेवाईक. मग फरक कुठे पडला?

फरक चित्रकारात नाही, आजूबाजूच्या व्यवस्थेत आहे. मोनेजवळ द्युराँ-र्युएल हा चित्रांचा व्यापारी होता, जो पडत्या काळातही चित्रं विकत घेत होता. पॅरिसला जायला रेल्वे होती. क्लेमांसो हा फ्रान्सचा माजी पंतप्रधान त्याचा मित्र होता, आणि मोने गेल्यावर पुढच्याच वर्षी, १९२७ साली, त्याच्या कमळांसाठी सरकारने पॅरिसमध्ये कायमची दोन दालनं उघडली. आबालालजवळ कोण होतं? एक राजा. चांगला राजा होता, दिलदार होता, पण एकच होता. तो गेला आणि सगळा डोलाराच गेला. चित्रं पाण्यात सोडल्याची गोष्ट खरी असो वा नसो, ती आपल्याला पटते, कारण ठेवायला दुसरी जागा तरी कुठे होती? आज टाऊन हॉलमध्ये जे थोडंफार दिसतं ते कोणीतरी वेळेवर जपलं म्हणून.

हेमलकशाला हाच मुद्दा उलट बाजूने दिसतो. बाबा आमट्यांनी २३ डिसेंबर १९७३ ला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. प्रकाशभाऊ आणि मंदाताई, दोघं डॉक्टर, तिथे गेले तेव्हा वीज नव्हती, पावसाळ्यात रस्ता नव्हता. त्यांनाही लोकांनी स्कोप विचारलाच असणार! २००८ साली मॅगसेसे मिळाल्यावर सगळ्यांना स्कोप दिसला, ते सोडा. पण मला तिथे जास्त महत्त्वाचं वाटलं ते हे, की काम दोन माणसांवर थांबलं नाही. १९७६ ला आश्रमशाळा निघाली, दवाखान्यात कार्यकर्ते तयार झाले, पुढची पिढी आली. उद्या कोणी एक नसला तरी दवाखान्याचं दार उघडतं. एका जागी टिकून राहणं हे आबालालनीही केलं. ते टिकवून धरणारी माणसं आणि खोल्या आणि कपाटं हेमलकशाला उभी राहिली, कोटितीर्थाला नाही. कोणी म्हणेल, दवाखाना आणि चित्रं यांची तुलना कशी करतेस? करतेय, कारण दोन्हीकडे माणूस संपल्यावर काय उरतं हाच प्रश्न आहे.

हे सगळं मी इतक्या तावातावाने का लिहितेय त्यालाही कारण आहे. गेल्या उन्हाळ्यात खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. रूममेटची दोन वर्षांची चित्रं, शंभराच्या वर असतील, गुंडाळी करून गादीखाली ठेवली होती. सुट्टीवरून परत आलो तर साफसफाई झालेली होती आणि गुंडाळी रद्दीत गेलेली होती. कोणी टाकली यात मला शिरायचं नाही. शीटवर एका बाजूला बीमचे नकाशे होते, बघणाऱ्याला जुनं सबमिशन वाटलं असेल. ती काय म्हणाली माहीत आहे? "त्यात या सेमच्या शीट तर नव्हत्या ना?" बस, एवढंच. रडली नाही, भांडली नाही. पण पुढचं अख्खं सेमिस्टर तिने पेन्सिल हातात घेतली नाही, ती थेट डिसेंबरमध्ये नदीवर घेतली.

कोटितीर्थ आपल्यापासून फार लांब आहे असं समजू नका. दर उन्हाळ्यात आपल्या हॉस्टेलच्या मागच्या दारातून किती वह्या, किती चित्रं, किती कविता रद्दीवाल्याकडे जातात! शंभर वर्षांपूर्वीच्या एका म्हाताऱ्यासाठी हळहळायचं आणि आपल्याच विंगमधलं किलोच्या भावाने जाऊ द्यायचं, हे मला पटत नाही. शिवाय जो गावी परत जाणार आहे त्याला "वाया जाशील" म्हणण्यापेक्षा, तिथे तो जे करेल ते कोण सांभाळणार, हे विचारणं जास्त उपयोगाचं नाही का?

तर आमची मागणी छोटी आहे. सिव्हिल डिपार्टमेंटच्या जुन्या ड्रॉइंग हॉलमध्ये मोठ्या शीट ठेवायचं आडव्या खणांचं लोखंडी कपाट आहे. सगळं काम कॉम्प्युटरवर गेल्यापासून त्याचे निम्मे खण रिकामे आहेत, आम्ही उघडून पाहिलेत. त्यातले दोन खण विद्यार्थ्यांच्या चित्रांसाठी मिळावेत, आणि किल्ली लायब्ररीत राहावी. ज्याला चित्र ठेवायचं त्याने मागे पेन्सिलने नाव, जागा, तारीख आणि जमल्यास वेळ लिहायची. सकाळचं की संध्याकाळचं हे नंतर कळत नाही. पाच वर्षांनी कोणी न्यायला आलं नाही तर लायब्ररीने ठेवून घ्यावं, विकू नये.

एच.ओ.डी. सरांना भेटलो. ते म्हणाले, अर्ज द्या, सह्या घेऊन या. अर्ज मॅगझीनच्या खोलीत टेबलावर ठेवलाय, हा अंक हातात पडल्यापासून पंधरा दिवस तिथेच असेल. मुलांच्या हॉस्टेलसाठी वेगळी प्रत केली आहे, ती मेसच्या नोटीस बोर्डाजवळ मिळेल. मेसच्या काकांनी आणि आमच्या मेट्रननी पहिल्या दोन सह्या केल्यात. येताना पेन मात्र आपलं आणा, तिथलं कायम गायब असतं.